हेडलाइटचा बल्ब बदलताना: नेमका कोणता घ्यायचा, आणि का

गेलेला बल्ब लगेच फेकून देऊ नका. बुडाला पकडून तो उजेडासमोर धरा आणि काचेच्या आत नीट निरखून पाहा. पुढचा बल्ब कोणता घ्यायचा आणि तो घेण्याआधी गाडीत काय दुरुस्त करायचं, याचा बराचसा अंदाज तिथेच येतो.

काच लख्ख आहे आणि फिलामेंटची तार एका जागी तुटली आहे, तर बल्ब वयाने किंवा हादऱ्याने गेला. त्यात काळजीचं काही नाही. काच आतून काळपट, आरशासारखी झाली असेल तर तार झिजत झिजत गेली आहे. एकतर बल्ब फार जुना होता, नाहीतर त्याला सतत जास्त व्होल्टेज मिळत होतं. आत पांढरट-पिवळसर भुकटीचा थर दिसला तर काचेत हवा शिरली होती. बारीकसा तडा गेला, किंवा गरम काचेवर पाण्याचा थेंब पडला, की असं होतं. काचेवर एकाच जागी फोडासारखा फुगवटा असेल तर बसवताना बहुधा तिथे बोट लागलं होतं. आणि पिना निळसर-तपकिरी पडल्या असतील, होल्डरचं प्लास्टिक करपलं असेल, तर मूळ दोष बल्बचा नाही. तिथला सांधा ढिला आहे, आणि तो तसाच राहिला तर नवा बल्बही टिकणार नाही.

हेडलाइटबद्दल एक गोष्ट मनात पक्की बसली की निवड सोपी होते. रस्त्यावर पडणारा झोत बल्ब तयार करत नाही, रिफ्लेक्टर (दिव्यातला चंदेरी आरसा) आणि भिंग तयार करतात. बल्बचं काम एवढंच, की ठरलेल्या आकाराची प्रकाशाची काडी ठरलेल्या बिंदूवर धरून ठेवायची. एच७ या नेहमीच्या प्रकारच्या बल्बमधली तार जेमतेम चार मिलिमीटर लांबीची असते आणि ती बुडापासून किती अंतरावर हवी हे मिलिमीटरच्या दशांशात ठरवून दिलेलं असतं. ती एवढीशी सरकली तरी झोत विस्कटतो. जो प्रकाश रस्त्यावर पडायचा तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि आपल्यापुढे मात्र अंधार राहतो. म्हणून ‘सर्वांत प्रखर बल्ब कोणता’ हा प्रश्न विचारून दुकानात जाऊ नका. ‘माझ्या हेडलाइटची रचना कोणत्या बल्बसाठी केली आहे’ हे शोधून मगच जा.

बल्बच गेला आहे ना?

एका बाजूचा लो बीम (जवळचा, खाली पडणारा झोत; लांबचा तो हाय बीम) गेला आणि बाकी सगळं सुरू आहे, तर बहुतेक वेळा बल्बच गेलेला असतो. खात्री करायची सोपी रीत म्हणजे चालू बाजूचा बल्ब काढून बंद बाजूला लावून पाहणं. तिथे तोही पेटला नाही तर फ्यूज, कपलर (बल्बच्या मागे बसणारा वायरींचा प्लग) किंवा अर्थिंग तपासा. अनेक गाड्यांत डाव्या आणि उजव्या हेडलाइटला वेगळे फ्यूज असतात, त्यामुळे एकच दिवा बंद आहे म्हणून फ्यूज पाहायचाच नाही असं करू नका. दोन्ही लो बीम एकदम गेले तर रिले (दिव्यांचा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच) किंवा मुख्य स्विचकडे पाहा. मात्र एक शक्यता उरते. दोन्ही बल्ब एकाच वेळी बसवलेले असले की कधीकधी एक आधी जातो, ते लक्षात येत नाही, आणि दुसरा गेल्यावरच दोन्ही बंद दिसतात.

दिवा लागतो पण मंद, पिवळट लागतो, तर बल्ब बदलण्याआधी व्होल्टेज मोजा. इंजिन चालू, हेडलाइट लावलेला, बल्ब कपलरमध्ये जोडलेलाच ठेवून मल्टिमीटरची टोकं कपलरच्या मागून पिनांना लावा. हॅलोजन बल्बचा प्रकाश १३.२ व्होल्टवर मोजून ठरवलेला असतो. बल्बपाशी १२ व्होल्टच पोहोचत असतील तर प्रकाश पाव हिश्शाहून जास्त घटतो. व्होल्टेज थोडं उतरलं की प्रकाश त्याच्या तिपटीहून अधिक वेगाने उतरतो. उलट दिशेलाही तेच: व्होल्टेज पाच टक्के जास्त झालं की बल्बचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. बॅटरीच्या टोकांवर १४ आणि बल्बपाशी १२.५ दिसत असतील तर मधले दीड व्होल्ट गंजलेल्या अर्थिंगमध्ये, जळक्या रिलेत किंवा बारीक वायरीत जिरत आहेत. अशा गाडीत कितीही भारी बल्ब घातला तरी तो मंदच लागणार. बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर सोडवून, खालचा रंग-गंज खरवडून पुन्हा घट्ट आवळली की जुन्याच बल्बमध्ये फरक पडलेला डोळ्यांना दिसतो. (नव्या गाड्यांत संगणक बल्बला वीज तुकड्या-तुकड्यांनी देतो. तिथे साधा मल्टिमीटर फसवा आकडा दाखवतो, त्यामुळे या गाड्यांत हे मोजमाप प्रमाण मानू नका.)

आणि एकदा हेडलाइटची पुढची काच पाहा. आजकाल ती काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. वरचा संरक्षक थर उन्हाने गेला की ते पिवळं, दुधी होतं. तसं झालं असेल तर आधी पॉलिश करून घ्या आणि त्यावर ऊन अडवणारा नवा थर द्या. आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल, चंदेरी थर सोलवटला असेल, तर त्याला बल्बचा इलाज नाही. पूर्ण हेडलाइटच बदलावा लागतो.

नंबर कसा शोधायचा

बल्बचा प्रकार म्हणजे त्याचा नंबर: एच४, एच७, एच११, एचबी३ असा. बल्बवर तो इंग्रजी अक्षर-आकड्यांत कोरलेला असतो. नंबर तीन ठिकाणी मिळतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ‘बल्ब’ असा तक्ता असतो, जुन्या बल्बच्या धातूच्या किंवा प्लास्टिकच्या बुडावर तो लिहिलेला असतो, आणि हेडलाइटच्या मागच्या बाजूला किंवा टोपणाजवळही अनेकदा छापलेला असतो. तिन्ही जुळले तर उत्तमच. जुना बल्ब एक सांगतो आणि हेडलाइट दुसरंच, तर हेडलाइटचं ऐका. आधी कुणीतरी चुकीचा बल्ब कोंबलेला असू शकतो.

इंटरनेटवर गाडीचं नाव टाकून बल्ब शोधता येतो, पण तिथे सावध राहा. एकाच मॉडेलच्या साध्या प्रकारात एच४ चा रिफ्लेक्टर आणि वरच्या प्रकारात प्रोजेक्टरचा (पुढे गोल भिंग असलेल्या दिव्याचा) एचबी३ किंवा एच७ असू शकतो. मधल्या एखाद्या वर्षी कंपनीने हेडलाइटची रचना बदललेली असते, तेव्हाही नंबर बदलतो. शिवाय एकाच हेडलाइटमध्ये लो बीमला एक, हाय बीमला दुसरा, पार्किंगला पाच वॅटचा बारका बल्ब आणि खालच्या फॉग लॅम्पला चौथाच, असं असू शकतं. ‘हेडलाइटचा बल्ब द्या’ म्हणण्यापेक्षा ‘लो बीमचा एच७, १२ व्होल्ट, ५५ वॅट’ असं सांगा. मोठ्या ट्रक-बसला २४ व्होल्ट लागतात. दिसायला बल्ब सारखाच असतो, म्हणून तो आकडाही वाचून घ्या.

कोणता नंबर म्हणजे काय

गाड्यांसाठीचा पहिला हॅलोजन बल्ब, एच१, युरोपात १९६२ साली आला. एका तारेचा, ५५ वॅटचा, सडपातळ. तो आजही काही हाय बीममध्ये दिसतो. १९७१ च्या सुमारास आलेला एच४ मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. एकाच काचेत दोन तारा, मागे तीन पाती, हाय बीमला ६० आणि लो बीमला ५५ वॅट.

एच४ हातात आला की त्याच्या आत जरूर पाहा, कारण वर सांगितलेलं सगळं तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. टोकाकडच्या तारेच्या खाली पन्हाळीसारखी एक छोटी धातूची वाटी असते. ही लो बीमची तार. वाटी तिचा खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि झोत खाली, रस्त्यावर पडतो. वाटीची एक कड थोडी उतरती कापलेली असते. त्यामुळेच भिंतीवर पाडलेल्या झोताची वरची रेघ आपल्या कडेच्या बाजूला १५ अंशांनी वर चढते आणि रस्त्याच्या कडेचे फलक, पायी चालणारी माणसं दिसतात. मागची, बुडाकडची तार हाय बीमची. तिला वाटी नाही, ती रिफ्लेक्टरच्या नाभीवर (प्रकाश जिथे एकवटतो त्या बिंदूवर) बसते आणि सगळा रिफ्लेक्टर वापरते. नियमानुसार एच४ चा हाय बीम १६५० लुमेनचा (लुमेन म्हणजे एकूण प्रकाशाचं माप) आणि लो बीम फक्त १००० लुमेनचा. एच७ चा लो बीम १५०० लुमेनचा असतो. एच४ ची गाडी रात्री जरा कमी उजळ वाटते याचं एक कारण हेच आहे, आणि ते बल्ब बदलून जाणारं नाही.

एच७ एका तारेचा, ५५ वॅटचा, मागे दोन सपाट पाती. लो आणि हाय वेगळे असलेल्या असंख्य गाड्यांत तोच असतो. एच३ ला मागून एक वायर निघालेली असते, तो बहुधा फॉग लॅम्पचा. एचबी३ (६० वॅट) आणि एचबी४ (५१ वॅट) हे काटकोनी प्लास्टिक बुडाचे. अमेरिकी नावांत तेच ९००५ आणि ९००६. एच१५ मध्ये ५५ वॅटची हाय बीमची तार आणि १५ वॅटची दिवसा लावायच्या दिव्याची तार, अशा दोन तारा असतात. ९०१२ म्हणजेच एचआयआर२ च्या काचेवर उष्णता परत तारेकडे पाठवणारा थर असतो, त्यामुळे ५५ वॅटमध्येच तो १८७५ लुमेन देतो.

एच८, एच९, एच११ आणि एच१६ ही चार भावंडं, आणि सर्वांत जास्त गोंधळ यांच्यातच होतो. बूड एकाच घरातलं, कपलरही जुळणारं किंवा जवळपास जुळणारं, पण एच८ ३५ वॅटचा, एच११ ५५ चा, एच९ ६५ चा आणि एच१६ जेमतेम १९ चा. चुकीचा बल्ब बसू नये म्हणूनच बुडावरचे दात वेगवेगळ्या जागी दिलेले आहेत. एच९ चे दात कानशीने घासून तो एच११ च्या जागी बसवण्याचा ‘जुगाड’ बऱ्याच जणांना माहीत असतो. २१०० लुमेन मिळतात खरे, पण एच९ हा हाय बीमचा बल्ब आहे. दोघे शेजारी ठेवून टोकाकडे पाहा: एच११ चं टोक काळ्या रंगाने झाकलेलं, एच९ चं उघडं. टोकातून सरळ निघणारा, रिफ्लेक्टरवर न पडलेला प्रकाश अडवण्यासाठी तो काळा टिळा असतो. तो नसलेला बल्ब लो बीमच्या रिफ्लेक्टरमध्ये घातला की समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. वर दहा वॅटची जास्तीची उष्णता होल्डरला सोसावी लागते. बल्ब जोर न लावता बसत नसेल, तर तो तिथला नाहीच असं समजा.

जुन्या गाड्यांत पूर्ण सीलबंद दिवा असतो, सात इंचांचा गोल किंवा चौकोनी. तार गेली की अख्खा दिवा बदलायचा. आणि कारखान्यातूनच एलईडी हेडलाइट असलेल्या गाड्यांत बहुतेकदा बदलता येणारा बल्बच नसतो. तिथे मॉड्यूल किंवा पूर्ण हेडलाइट घ्यावा लागतो.

खोक्यावरचे शब्द

नंबर ठरला. आता त्याच नंबरचे पाच-सहा प्रकार समोर मांडलेले असतात, आणि खोक्यांवर मोठमोठे आकडे असतात.

‘१५० टक्के जास्त प्रकाश’ याचा अर्थ बल्ब अडीचपट प्रकाश देतो असा नाही. तसं होऊच शकत नाही. एच७ चा एकूण प्रकाश १५०० लुमेन, दहा टक्के इकडे-तिकडे, असं नियमाने बांधलेलं आहे, म्हणजे मान्यताप्राप्त एच७ १६५० च्या पुढे जात नाही. खोक्यावरची टक्केवारी बहुधा झोतातल्या एखाद्या विशिष्ट जागेपुरती, आणि तीही नियमाने मागितलेल्या किमान प्रकाशाच्या तुलनेत असते. तरीही हे बल्ब खोटे नाहीत. त्यांची तार आखूड, घट्ट गुंडाळलेली आणि जास्त तापणारी असते, त्यामुळे प्रकाश एका बिंदूत एकवटतो आणि झोत लांब जातो. किंमत आयुष्याने मोजावी लागते. जास्त तापलेली तार लवकर झिजते, आणि असा बल्ब साध्याच्या निम्मंही टिकत नाही असं सर्रास होतं.

‘लाँग लाइफ’ हा उलट प्रकार. तार थोडी कमी तापते, बल्ब बराच जास्त टिकतो, प्रकाश किंचित पिवळा आणि जरा कमी.

निवड गाडी कुठे चालते त्यावर करा. दिवे नसलेल्या रस्त्यांवर रात्रीचा लांबचा प्रवास नेहमीचा असेल तर चांगल्या कंपनीचा जास्त प्रकाशाचा बल्ब घ्या आणि दोन बल्ब जवळ ठेवा. हेडलाइट दिवसभर चालू राहत असेल, किंवा बल्ब बदलायला बंपर उतरवावा लागत असेल, तर लाँग लाइफ. बाकी सगळ्यांना नामवंत कंपनीचा साधा बल्ब पुरेसा आहे. आमच्या मते बहुतेक गाड्यांना तोच योग्य. नवा साधा बल्ब आणि काच काळवंडलेला जुना बल्ब यांतला फरक साध्या आणि महागड्या बल्बमधल्या फरकापेक्षा मोठा असतो.

निळसर काचेचे, ‘क्रिस्टल व्हाइट’ वगैरे बल्ब घेऊ नका. हॅलोजनची तार साधारण ३२०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप) उबदार पांढरा प्रकाश देते. तो पांढरा-निळा दिसावा म्हणून काचेवर निळा थर देतात, आणि तो थर पिवळा-तांबडा प्रकाश गिळतो. म्हणजे निर्माण झालेलाच प्रकाश वाया जातो. ही तूट भरून काढायला तार जास्त तापवतात आणि आयुष्य आणखी घटतं. भिंतीवर हा प्रकाश छान दिसतो, पण ओल्या काळ्या डांबरावर त्याची उणीव लगेच जाणवते. पिवळ्या प्रकाशाला मात्र खरी परंपरा आहे. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. आज पिवळा बल्ब घालायचाच असेल तर फॉग लॅम्पमध्ये, आणि तुमच्याकडचा कायदा पाहून.

९०/१०० वॅटचे बल्ब. इथे हिशोबच बोलतो. ५५ वॅटचा बल्ब सुमारे सव्वाचार अँपिअर घेतो, १०० वॅटचा साडेसात. दोन मिळून पंधरा अँपिअर अशा वायरीतून जातात, जी आठ-नऊ अँपिअरसाठी घातलेली आहे. वायर तापते, व्होल्टेज उतरतं, म्हणजे १०० वॅटचा पूर्ण प्रकाश मिळतही नाही. कपलर वितळतो आणि रिफ्लेक्टरचा चंदेरी थर उष्णतेने करपतो. जाड वायर आणि रिले टाकून वायरिंगचा प्रश्न सुटतो, पण रिफ्लेक्टर आणि समोरच्याचे डोळे यांचा सुटत नाही, आणि बहुतेक देशांत असे बल्ब रस्त्यावर चालत नाहीत. रिले आणि जाड वायरिंग टाकायचंच असेल तर ५५-६० वॅटच्या बल्बसाठी टाका. खरा फायदा तिथेच आहे.

बुडावर वर्तुळातलं इंग्रजी ‘ई’ आणि शेजारी आकडा आहे का पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या ३७ क्रमांकाच्या नियमानुसार हॅलोजन बल्बला मान्यता मिळाल्याची ती खूण, आणि आकडा म्हणजे मान्यता देणारा देश: १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ४ नेदरलँड्स. पुढची काच प्लास्टिकची असेल तर बुडावर इंग्रजी ‘यू’ अक्षरही असावं. त्या बल्बच्या काचेतून अतिनील किरण कमी बाहेर पडतात. ऑसराम, फिलिप्स यांसारख्या मोठ्या नावांच्या नकला बाजारात खूप असतात. नकली बल्ब ओळखायचा तर तारेकडे पाहा. तार वाकडी किंवा झोळ पडलेली, काच बुडावर तिरकी बसलेली, कोरलेली अक्षरं पुसट, तर परत करा.

एलईडी घालावा का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर. हॅलोजनची तार सगळ्या बाजूंनी प्रकाश देते. एलईडी बल्बमध्ये एका पातळ पट्टीच्या दोन बाजूंना दिव्यांच्या चिप चिकटवलेल्या असतात, म्हणजे प्रकाश दोनच बाजूंना जोरात आणि वर-खाली कमी. पट्टी जितकी जाड तितकी चिप नाभीपासून दूर. स्वस्त बल्बमध्ये चिपची लांबी आणि जागा मूळ तारेशी जुळतच नाही. त्यामुळे गाडीच्या अगदी पुढे लख्ख पांढरा प्रकाश पडतो आणि चालवणाऱ्याला वाटतं, काय उजेड आहे! प्रत्यक्षात जवळच्या झगमगाटाने डोळ्याची बाहुली आकसते आणि पन्नास-साठ मीटरवरचं आणखी कमी दिसतं.

चांगल्या कंपन्यांनी तारेच्या मापाचे एलईडी बनवले आहेत, आणि युरोपातल्या काही देशांत ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाइटमध्ये त्यांना परवानगीही आहे. परवानगी असलेल्या मॉडेलच्या यादीत तुमचा हेडलाइट असेल तर तो पर्याय खरा आहे. यादीत नसेल तर आमचा सल्ला ‘नको’ असाच आहे. इतर अनेक ठिकाणी हॅलोजनच्या जागी एलईडी घालणं तपासणीत नापास होतं, आणि अपघात झाल्यास विम्याचा वाद उभा राहू शकतो.

तरीही घालणार असाल तर चिपचं तोंड डावी-उजवीकडे राहील असा तो फिरवून बसवा, वर-खाली नको. मागचा पंखा किंवा उष्णता पसरवणारं जाळीसारखं बूड टोपणाच्या आत मावतं का ते मोजा. टोपण कापलं की पाणी आणि धूळ आत शिरते. गाडीच्या डॅशबोर्डवर ‘बल्ब गेला’ अशी सूचना येऊ शकते, कारण २० वॅटचा एलईडी संगणकाला तुटलेल्या तारेसारखा वाटतो. रेडिओत खरखर येत असेल तर तीही त्याचीच.

झेनॉन असेल तर

झेनॉन बल्बमध्ये तार नसते, वायूतल्या विजेच्या ठिणगीतून प्रकाश येतो. या बल्बचे नंबर डी१ ते डी४ आणि पुढे, शेवटी ‘एस’ किंवा ‘आर’. ‘एस’ प्रोजेक्टरसाठी, ‘आर’ रिफ्लेक्टरसाठी. ‘आर’च्या काचेवर प्रकाश अडवणारे रंगाचे पट्टे असतात. डी१ आणि डी२ ८५ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यात पारा असतो. डी३ आणि डी४ पाऱ्याशिवायचे, ४२ व्होल्टचे. डी२एस च्या जागी डी४एस चालत नाही. प्रकाश गुलाबी-जांभळा व्हायला लागला, किंवा दिवा लागून काही मिनिटांनी आपोआप बंद होऊ लागला, की बल्ब संपत आला. दोन्ही एकदम बदला, कारण वयानुसार रंग बदलतो आणि दोन दिवे दोन रंगांचे दिसतात. हा दिवा पेटवताना २० हजार व्होल्टच्या आसपास झटका दिला जातो. स्विच बंद करून आणि बॅटरीची ऋण वायर काढूनच हात घाला, आणि सराव नसेल तर जाणकाराकडून करून घ्या. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाहेरून झेनॉन किट बसवू नका. ठिणगीचा आकार तारेसारखा नसतो आणि झोत पूर्ण फुटतो.

बसवताना

हॅलोजनसुद्धा जोडीनेच बदला. एक गेला की दुसरा तितकेच तास जळलेला असतो. काढलेला चालू बल्ब अडीअडचणीसाठी नव्याच्या खोक्यात ठेवून गाडीत टाका.

काम सुरू करण्याआधी गाडी सपाट जागी, भिंतीपासून पाच-दहा मीटरवर लावून लो बीमच्या वरच्या रेघेवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा. दोन मिनिटांचं काम, पण नंतर त्याचा फार उपयोग होतो. मग दिवे बंद करून पंधरा मिनिटं थांबा. टोपण फिरवून किंवा रबराचा बूट ओढून काढा, कपलर सरळ मागे ओढा. वायरला धरून ओढू नका, कपलरलाच धरा. एच४ आणि एच७ ला तारेची क्लिप असते. ती आत दाबून बाजूला सरकवली की सुटते. क्लिप कशी बसली होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण परत बसवताना बोटांनी चाचपतच ती लावावी लागते. एच११, एचबी३ वगैरे पाव वळसा फिरवून निघतात.

नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. हॅलोजनची काच काही शे अंश तापते. बोटावरचं तेल आणि मीठ जिथे लागतं, तिथली काच कमकुवत होऊन फुगते किंवा तडकते. स्वच्छ हातमोजे घाला किंवा कागदी रुमालात धरा. चुकून लागलंच तर अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. आत दाबाखाली वायू भरलेला असतो, म्हणून पडलेला, ओरखडा आलेला बल्ब वापरू नका.

एच४ च्या बुडाला तीन कान असतात, त्यांतला रुंद कान वर येतो. एच७ च्या चकतीवरची खाच होल्डरच्या उंचवट्यावर बसते. बल्ब नीट बसला की थोडंही हलत नाही. क्लिप लावल्यावर बुडाला हलकेच बोटाने ढकलून पाहा. हलला तर तो तिरका आहे. गोल रबराची रिंग असलेल्या बल्बमध्ये ती रिंग फाटकी किंवा पिळलेली नाही ना ते तपासा, नाहीतर हेडलाइटमध्ये पाण्याचे थेंब जमतील. कपलर करपलेला असेल तर आत्ताच बदला. सिरॅमिकचा कपलर उष्णतेला जास्त टिकतो.

आता त्याच जागी गाडी लावून भिंतीवर पाहा. चालकाच्या जागी एक माणूस बसवा, टायरची हवा बरोबर असू द्या, डॅशबोर्डवरचं हेडलाइट वर-खाली करायचं चाक शून्यावर ठेवा. वरची रेघ आधीच्या खुणेवर आली तर काम झालं. नाही आली, किंवा रेघ धूसर, फुटलेली दिसली, तर स्क्रू फिरवायला जाऊ नका. आधी बल्ब काढून पुन्हा बसवा. दहातल्या नऊ वेळा तो तिरका बसलेला असतो. तरीही जुळलं नाही तरच स्क्रूने जुळवा. हेडलाइटवर किंवा बॉनेटखाली १.० किंवा १.२ टक्के असा आकडा छापलेला असतो. एक टक्का म्हणजे दहा मीटरवर रेघ बल्बच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली यायला हवी, पाच मीटरवर पाच.

पहिल्या रात्री तासभर गाडी चालवून झाली की दिवे बंद करून मागून कपलरच्या वायरींना हात लावून पाहा. कोमट असणं ठीक. एका बाजूची वायर दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त गरम लागली तर त्या बाजूच्या कपलरची पाती सैल आहेत. ती बदलून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी तोच बल्ब पुन्हा हातात घ्यावा लागेल.